मनोरी केंद्र: बुकिंगच्या नोंदी, जून २०२५ ते फेब्रुवारी २०२६

१० जून २०२५, मंगळवार

दादरच्या ऑफिसात ट्रस्टच्या मंडळींबरोबर बैठक. विषय एकच, मे महिना का बुडाला. २६ मेला मान्सून मुंबईत पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. इतक्या लवकर तो आल्याची आधी नोंद नाही, आणि आपली शेवटची दोन उन्हाळी शिबिरं नेमकी त्याच आठवड्यात. दोन्ही रद्द झाली. पण खजिनदार काकांची वही उघडली तर मेमधले कोरडे दिवसही अर्धेच भरलेले दिसतायत. सगळं पावसाच्या खात्यावर टाकता येणार नाही.

माझ्याकडे आलेलं काम असं: आठवड्याचे मधले दिवस भरायचे. मनोरीचं निवासी केंद्र (मुंबईच्या उत्तर टोकाला, खाडीपलीकडे), ७२ खाटा (दोन डॉर्मिटरी आणि दहा खोल्या), एक हॉल, एक उघडा मंडप, स्वतःचं स्वयंपाकघर, सहा माणसं कायम पगारावर. शनिवार-रविवार जवळपास भरलेला, सोमवार ते गुरुवार सामसूम. काका म्हणाले, "शनिवारी लोकांना नाही म्हणायचं आणि मंगळवारी माशा मारायच्या, किती वर्षं चालणार?" बाकी सगळ्यांचं मत, जाहिरात करा. मी म्हटलं, आधी जुन्या नोंदवह्या द्या.

१६ जून, सोमवार

आज शाळा उघडल्या आणि मी वह्या उघडल्या. २०२२ पासूनच्या आहेत. लिहिणारे तीन वेगवेगळे हात आणि तीन शाई. एके ठिकाणी नुसतं 'जोशी सर, ४०'. कुठले जोशी सर? बऱ्याच नोंदींत फोन नंबर नाही, आणि काही ठिकाणी जो आहे तो लावला तर बसच्या ड्रायव्हरचा निघतो. म्हणजे आपल्याकडे राहून जेवून खूश होऊन गेलेल्या शेकडो लोकांना आज 'पुन्हा या' म्हणायची सोय नाही.

तरी पानं उलटताना चित्र दिसतंच. डिसेंबर-जानेवारी शाळांचे. ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर थोड्या कंपन्या, थोड्या संस्था. एप्रिल-मे मुलांची शिबिरं. जुलै ते सप्टेंबर कोरी पानं. आणि एक गोष्ट काकांनाही ठाऊक नव्हती: दुसऱ्यांदा आलेले गट फार थोडे, पण जे दुसऱ्यांदा आले ते तिसऱ्यांदाही आलेत.

नवीन वही सुरू केली. रकाने: कोण आलं, कुणी ठरवलं, पैसे कुणी मंजूर केले, कुठल्या महिन्यात चौकशी केली, कुठल्या महिन्यात आले. ठरवणारा, मंजूर करणारा आणि येणारा ही तीन निराळी माणसं असतात. एका रकान्यात कोंबली की पुढच्या वर्षी फोन चुकीच्या माणसाला जातो.

२० जून, शुक्रवार

नकाशाचं काम. मोबाइलवर केंद्राचं लोकेशन टाकलं की कधीकधी मार्वेचा धक्का दाखवतो, कारण तिथून होडीने खाडी ओलांडली की मनोरी समोरच. माणसाला ठीक आहे. पन्नास आसनी बसला नाही. मागच्या डिसेंबरात एका शाळेच्या दोन बस मार्व्याला जाऊन उभ्या राहिल्या होत्या, मुलं आत, बाहेर समुद्र, आणि मुख्याध्यापिका फोनवर. ती शाळा वहीत पुन्हा नाही.

आता दोन वेगळे संदेश केलेत. पायी येणाऱ्यांना: मालाड स्टेशन, मार्वेची बेस्ट बस, होडी, पलीकडे रिक्षा. सोबत त्या दिवशीच्या ओहोटीची वेळ, कारण पाणी फार उतरलं की होडीत चढता-उतरताना चाकांच्या बॅगा डोक्यावर घ्याव्या लागतात. बसला: दहिसर टोलनाका, काशिमिरा, गोल्डन नेस्ट, भाईंदर पश्चिम, मुर्धा, राई, मोर्वा, उत्तन, गोराई, मनोरी. ड्रायव्हरला वाचायला सोपं म्हणून मराठीत आणि हिंदीत.

एक आडफायदा झाला. व्हॉट्सॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ जणच बसतात, आणि त्यातही ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच संदेश पोचतो. रस्त्याचा संदेश आदल्या रात्री पाठवला की बाई आपला नंबर झक्कत सेव्ह करून ठेवतात.

४ जुलै, शुक्रवार

शाळांचे फोन. हीच वेळ आहे. वर्षाचं नियोजन जूनअखेर होतं, पालक-शिक्षक संघाची सभा जुलैत, आणि डिसेंबरची सहल तिथेच ठरते. ऑक्टोबरात फोन करणारा फक्त पुढच्या वर्षाची ओळख करून घेतो.

गिरगाव, पार्ले, मुलुंड, बोरिवली. सगळीकडे बोलणं एका ठराविक क्रमाने जातं. आधी 'माणशी किती?' मग थोडा वेळ शांतता. मग आवाज बारीक करून, 'टॉयलेट कसे आहेत हो?' आपल्या माहितीपत्रकात सूर्यास्ताचे चार फोटो होते, संडासाचा एकही नाही. आज मनोरीला जाऊन काढून आणले. आधी फरशा घासून घेतल्या, नळ सोडून दाखवले, दाराच्या कड्या जवळून, मुलींच्या बाजूचा दिवा लावून. दोन सूर्यास्त काढले आणि हे घातले.

२०२४ च्या बदलापूर प्रकरणानंतर शाळा आणखी एक विचारतात आणि विचारायलाच हवं: कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी झालीय का, रात्री मुलींच्या डॉर्मिटरीपाशी बाई कर्मचारी असते का, कॅमेरे कुठे आहेत. एक फाइल केली. पडताळणीचे कागद, आग विझवायच्या नळकांड्यांच्या तारखा, पाण्याच्या टाकीच्या सफाईचा कागद, रस्त्याने जवळचं सरकारी रुग्णालय (भाईंदर पश्चिमेचं पंडित भीमसेन जोशी रुग्णालय), पालकांच्या संमतीपत्राचा तयार मसुदा, आणि शिक्षण निरीक्षकांच्या परवानगीसाठी शाळेला लागणारी केंद्राची माहिती एका पानावर. मुलुंडच्या एका पर्यवेक्षिका बाईंना पाठवली. तासाभरात फोन: "हे सगळं मला दरवर्षी रात्री जागून करावं लागतं. डिसेंबरचा दुसरा आठवडा धरा." दर त्यांनी विचारला, पण शेवटी.

मला वाटतं जाहिरातीचा पैसा इथेच लावावा. मुलांना यायचंच असतं. अडतं ते ज्या बाईच्या सहीने सगळं होणार तिच्या काळजीपाशी.

२४ जुलै, गुरुवार

दिव्यांची अमावस्या, म्हणजे लोकांच्या कॅलेंडरात गटारी. सकाळपासून फोन. 'फिश ताजी मिळेल ना?' मासेमारी बंद आहे ३१ जुलैपर्यंत. 'मग चिकन चालेल, पण बाटलीचं काय?' नाही. 'म्हणजे लपून?' नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

१५ ऑगस्ट शुक्रवारी आणि गोपाळकाला शनिवारी, त्यामुळे तीन दिवस तुडुंब. नंतर १८ ते २० एका संस्थेचं शिक्षक प्रशिक्षण होतं. सोमवार ते बुधवार! असं बुकिंग मी काचेच्या भांड्यासारखं जपलं होतं.

१७ ला संध्याकाळी पावसाचा रंग पाहून मीच संयोजक मॅडमना फोन केला की येऊ नका. त्या म्हणाल्या, "बरं झालं, आम्ही फोन कुणी करायचा यावरच बसलो होतो." १८ ला दुपारच्या शाळा सोडल्या, १९ ला महापालिकेने सुट्टी दिली, लोकल रखडल्या. मनोरीत वाडीतल्या वाटेवर पोटरीभर पाणी होतं.

काकांचा प्रश्न अॅडव्हान्सचा. जुना नियम, रद्द केलं तर पैसे बुडाले. त्या नियमाने आपल्याला एका वेळचे पैसे मिळतात आणि गट कायमचा जातो. खूप वाद झाल्यावर नवा नियम लिहिला: रेड अलर्ट असेल किंवा पालिकेने शाळांना सुट्टी दिली असेल तर फोन केंद्राकडून जाईल. पैसे परत नाहीत, तारीख परत; वर्षाच्या आत कुठलाही सोमवार ते गुरुवार. ऐनवेळी स्वतःहून रद्द केलं तर अर्धं कापलं जाईल. शेवटच्या अटीवर काका विरघळले.

'सोमवार ते गुरुवार' हे शब्द मुद्दाम घातलेत. शनिवार मी कुणाला भरपाई म्हणून देणार नाही.

संस्थेने ९ ते ११ सप्टेंबर घेतली.

११ सप्टेंबर, गुरुवार

पितृपक्ष चालू आहे, ८ ते २१. साखरपुडा नाही, बारसं नाही, नवीन खरेदी नाही, घरगुती समारंभांची विचारणा शून्य. कालनिर्णयच्या पानावर हे दोन आठवडे आपण आजवर डोळे मिटून कोरे सोडत होतो. पण प्रशिक्षण, अभ्यासवर्ग, संस्थांच्या वार्षिक बैठका, ध्यानाचे गट यांना मुहूर्त लागत नाही. उलट त्या पंधरवड्यात लोकांना लग्नाची आमंत्रणं नसतात, सगळे मोकळे सापडतात. शिक्षकांचा गट आला तो पूर्ण संख्येने.

काल दुपारी चारला स्वयंपाकघरात होते. आंटी फुग्या करत होत्या, म्हणजे इथल्या ईस्ट इंडियन (मूळच्या ख्रिस्ती) घरांतले तळलेले गोल पाव. एरवी पिठात अंडं असतं. पितृपक्ष म्हणून काल वगळलं, नारळाचं दूध वाढवलं. आंबवलेलं सैलसर पीठ मुठीत घ्यायचं, मूठ आवळायची की अंगठा आणि तर्जनीच्या मधून गोळा वर येतो, तो ओल्या बोटांनी तोडून सरळ तेलात. तेलात पडला की स्वतःच गिरकी घेतो. आंटींचं लक्ष तेलाकडेही नव्हतं, त्या बाईंशी बाटली मसाल्याबद्दल (त्यांच्या घरांतला, बाटल्यांत भरून ठेवायचा मसाला) बोलत होत्या, एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या किती दिवस वाळवायच्या वगैरे. निम्म्या शिक्षिका मोबाइल धरून उभ्या. रात्रीपर्यंत त्या फुग्या कितीतरी जणींच्या स्टेटसवर होत्या, आणि आज सकाळी नाशिकच्या कुणा बाईंचा फोन आला की ते गोल गोल कुठे मिळतं.

माहितीपत्रकात 'शुद्ध शाकाहारी व मांसाहारी भोजनाची उत्तम व्यवस्था' असं वाक्य आहे. असं वाक्य लोणावळ्यापासून डहाणूपर्यंत प्रत्येकाच्या पत्रकात आहे. काढून टाकलं. आता लिहिलंय: चार वाजता चहाबरोबर मनोरीच्या ईस्ट इंडियन घरांत होतात तशा गरम फुग्या. बिनअंड्याच्या हव्या असतील तर आदल्या दिवशी सांगा.

जाता जाता, माणसांच्या रजांचा हिशेबही इथे आपोआप जुळतो. बागेतली आणि सफाईची मंडळी गणपतीला कोकणात जातात, तेव्हा स्वयंपाकघर हजर असतं. स्वयंपाकघर नाताळ आणि ईस्टरला सुट्टीवर, तेव्हा बाकीचे हजर.

२३ सप्टेंबर, मंगळवार

कालपासून जीएसटी बदलला. दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीभाड्यावर १२ टक्के होता तो ५, पण इनपुट क्रेडिट नाही. काकांचा हिशेब: लाँड्री आणि दुरुस्तीवर भरलेला कर आता वळता होणार नाही, तेव्हा एकूण रक्कम आहे तीच ठेवू. हिशेबाला चूक नाही. पण शाळा आणि संस्था कोटेशनमध्ये कराची ओळ वेगळी मागतात, आणि १२ चा ५ झालाय हे त्यांच्या अकाउंटंटना आपल्याआधी कळलंय. मूळ भाडं तिळभर वाढवलं, कराची ओळ उघडी ठेवली, एकूण आकडा जुन्यापेक्षा कमीच आला. जुन्या दराने डिसेंबरचं बुक केलेल्या सगळ्यांना सुधारित कोटेशन आपणहून पाठवलं. एका शाळेचं उत्तर आलं: 'असं आजवर कुणी केलं नव्हतं.' दुसरीने वाचलेल्या पैशांत चार शिक्षक वाढवले.

९ ऑक्टोबर, गुरुवार

ट्रस्टींच्या आग्रहाखातर रील केलं आणि आठ हजारांची जाहिरात लावली. चौकशांचा पूर आला. नमुने: 'रेट?' 'प्राइस प्लीज.' 'कपल अलाऊड?' 'पूल आहे का?' 'धिस सॅटर्डे.' सगळा ओढा शनिवारचा, जो मुळात भरलेलाच आहे. म्हणजे ज्या मालाची टंचाई आहे त्याचीच आपण जाहिरात केली. पुन्हा करायची नाही असा ठराव मी मांडला, मंजूर.

'रेट?' या संदेशाला मात्र नीट उत्तर तयार केलं. पूर्वी दरपत्रकाची पीडीएफ जायची आणि पलीकडून पुन्हा काही यायचं नाही. आता आकडा आधी, मग एकच प्रश्न: 'मंगळवार-बुधवार मुक्काम, चार वेळचं खाणं धरून माणशी १,४५०. शनिवारी १,९००. किती जण आहात?' शेवटच्या प्रश्नाला उत्तर आलं की माणूस खरा. निम्मे गळतात, आणि ते गळलेलेच बरे.

कंपन्यांचं निराळं. त्यांना गुरुवार-शुक्रवार हवा असतो, कारण शनिवारी नेलं तर माणसं कुरकुरतात. आपल्याला हेच हवं. पण अंधेरीच्या एचआर मॅडमच्या पहिल्या तीन ओळींत एसी, वायफाय आणि 'इव्हनिंग अरेंजमेंट' असतात. ट्रस्टच्या घटनेत दारूबंदी आहे, ती हलणार नाही. शिवाय व्हेंडर म्हणून नोंदणी करा, पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) येऊ द्या, मग दीड-दोन महिन्यांनी पैसे. सहा पगार दीड-दोन महिने थांबत नाहीत. कंपन्यांच्या मागे न लागता बँकांचे आणि संस्थांचे प्रशिक्षण विभाग धरायचे असं ठरवलं. त्यांच्याकडे वर्षाचं वेळापत्रक एप्रिलमध्ये छापून तयार असतं, दारूचा प्रश्नच येत नाही.

नाटकवाल्यांचाही विचार केला होता. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या साधारण नोव्हेंबरपासून असतात, हौशी संस्थांना तालमीला जागा लागते, हॉल आपला चांगला आहे. पण हौशी मंडळी दिवसा नोकरी करतात, त्यांनाही शनिवारच हवा, आणि रात्री दोनपर्यंत संवाद. बाजूला ध्यानाचा गट असला तर संपलंच. कॉलेजच्या पोरांना आठवड्यात वेळ आहे, पैसे नाहीत. त्यांना जुलैतले ओले मंगळवार जवळपास खर्चाच्या भावात द्यावेत, पुढच्या वर्षी पाहू.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

भाऊबीजेनंतर सोमवार ते गुरुवार, २७ ते ३०, मुलांचं शिबिर. दिवाळीच्या सुट्टीत शाळकरी मुलांना वार नसतो, हे इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही कोण जाणे. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर किल्ला करू देत नाहीत, म्हणून इथे माती, दगड, चिखल आणि चार दिवस. जाहिरात फक्त डिसेंबर-जानेवारीत येऊन गेलेल्या शाळांच्या पालक गटांत. भरलं. अवकाळी सरींनी पहिला किल्ला वाहून गेला, दुसरा मंडपात केला. फोटोंत मुलांचे चेहरे घेतले नाहीत, नुसते चिखलाचे हात. पालकांनी तेच जास्त फिरवले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

या आठवड्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण मंगळवारचं उत्तर बहुतेक सापडलंय.

पार्ल्याच्या एका ज्येष्ठ नागरिक संघाचे चाळीस जण मंगळवारी आले, आज जेवून गेले. त्यांना आठवड्याचा मधलाच भाग हवा असतो. शनिवार-रविवार मुलं-सुना घरी, नातवंडांच्या स्पर्धा, आणि लोकलला गर्दी. मंगळवारी अकराची गाडी मोकळी. निवृत्तांना पगाराची सुट्टी घ्यावी लागत नाही, हे कळायला वर्षानुवर्षं लागली तरी हरकत नाही, पण आता कळलंय.

पण विकण्याची रीत पूर्ण वेगळी. फोनवर ठरत नाही. संघाची मासिक सभा असते, तिथे विषय निघतो, एका सभेत चर्चा, दुसऱ्या सभेत मंजुरी, तिसऱ्यापर्यंत पैसे गोळा. ऑगस्टमध्ये मी त्यांच्या सभेत जाऊन दहा मिनिटं बोलले तेव्हा कुठे नोव्हेंबर. रील पाहणारं तिथे कुणी नव्हतं. कागद हवा होता, मोठ्या अक्षरांत, आणि तो सेक्रेटरी काकांच्या हातात, कारण बाकीच्या सगळ्यांना फोन तेच करतात.

प्रश्न ठरलेले. कमोड किती? तळमजल्यावर खाटा किती? खाली की वरच्या बंकवर? (वरच्या बंकवर पाहुण्यांच्या बॅगा.) गरम पाणी सहाला मिळेल का? आपला बॉयलर साडेसहाला लागायचा, मुलांच्या हिशेबाने. आता पाचला लावतात. चहा सहाला बिनसाखरेचा आणि साखरेचा असा वेगळा, किटल्यांना लाल आणि हिरवी सुतळी बांधून. रात्रीचं जेवण साडेसातला, मऊ भात, ताक. पायऱ्यांना पिवळा पट्टा मारला, संडासात धरायला दांडे बसवले. दांड्यांचा खर्च काकांनी एका शब्दाने विचारला नाही. ते स्वतः पंच्याहत्तरचे आहेत.

बुधवारी सकाळी रिक्षांनी गोराईला ग्लोबल विपश्यना पॅगोडा. आत आठ हजार माणसं बसतील एवढा घुमट आणि मध्ये एकही खांब नाही. एक निवृत्त सिव्हिल इंजिनियर तासभर वर बघत राहिले, बाकीच्यांना चहासाठी थांबावं लागलं. संध्याकाळी किनाऱ्यावर खुर्च्या टाकून गाणी, आणि नऊला सगळे झोपले. आवाज नाही, मोडतोड नाही, पैसे आगाऊ चेकने.

निघताना सेक्रेटरी काकांना मी नवी वही दाखवली, २०२६ ची. "पुढच्या वर्षी कधी?" म्हणून नुसतं विचारलं. "असं कसं, सभा नको का?" म्हणाले. मग चष्मा लावून पान पाहिलं आणि म्हणाले, "नोव्हेंबरचा तिसरा मंगळवार पेन्सिलने लिहा. सभेत मी सांगतो." पेन्सिलने लिहिलं. बसमध्ये चढताना मागे वळून विचारतात, "कांदिवलीच्या संघाला नंबर देऊ का तुमचा?"

फेसकॉमशी, म्हणजे ज्येष्ठ नागरिक संघांच्या महासंघाशी, जोडलेले संघ मुंबईभर आहेत. यादी करायला घेतलीय, वॉर्डवार.

१५ डिसेंबर, सोमवार

शाळांचा हंगाम. रोज एक बस येते, एक जाते, मध्ये चादरी वाळायला ऊन पुरत नाही. भाईंदरच्या लाँड्रीला आठवडाभराचं काम दिलं. मुलुंडच्या पर्यवेक्षिका बाईंचा गट सुखरूप आला-गेला, बस थेट उत्तनवरून.

शनिवारी रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव होता, चंद्र मध्यरात्रीनंतर बराच उशिरा उगवणार होता, म्हणून एका विज्ञान मंडळाला मुद्दाम ही तारीख सुचवली होती. ट्रस्टींपैकी एकांना माहितीपत्रकात 'ताऱ्यांनी भरलेलं आकाश' असं हवं होतं. मी नाही म्हटलं. पूर्वेला मालाडचे दिवे आहेत, खोटं कशाला? 'समुद्राच्या बाजूला, मुंबईच्या मानाने काळोख' एवढंच लिहिलं होतं. मुलांना उल्का दिसल्या, मोजायची शर्यत लागली, आणि जेवढं सांगितलं त्यापेक्षा जास्त मिळालं म्हणून त्यांचे सर खूश.

राष्ट्रीय सेवा योजनेचं एक सात दिवसांचं शिबिरही सोमवार ते रविवार बसवलं, गोराईच्या आदिवासी पाड्यांवर काम आणि मुक्काम आपल्याकडे. भाव फार कमी, पण सलग सहा रात्री, स्वयंपाकात मुलांचा हात, आणि दरवर्षी शिबिर व्हावंच लागतं.

२ जानेवारी २०२६, शुक्रवार

३१ डिसेंबरसाठी संपूर्ण केंद्र मागणारा एक इव्हेंटवाला होता. आकडा एवढा की फेब्रुवारीचे पगार एका रात्रीत निघाले असते. डीजे, बार त्यांचा. ट्रस्टची बैठक गरम झाली. दोघे म्हणाले एक रात्र घटना बाजूला ठेवू. माझं म्हणणं एवढंच होतं की त्या रात्रीचे व्हिडिओ केंद्राच्या नावाने कायम राहणार, आणि जुलैत मी पुन्हा शाळांना फोन करणार आहे. नाकारलं. चार कुटुंबांचा एक साधा गट राहिला, बारा वाजता केक, साडेबाराला निजानीज. त्या रात्री तोटा झाला, आणि काका तो मला अजून ऐकवतात.

२७ जानेवारी, मंगळवार

२४ ते २६ जोडसुट्टी, भरलेलं. पुढच्या वर्षासाठी 'हीच तारीख' म्हणून नाव लिहायला लागले आणि कालनिर्णय उघडून थांबले.

यंदा अधिक महिना आहे. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, त्यामुळे पुढचे सगळे सण उशिरा येतात. गणपती २७ ऑगस्टचे १४ सप्टेंबरला, दिवाळी ८ नोव्हेंबरला. गेल्या सप्टेंबरात ९ ते ११ ला आलेल्या शिक्षक गटाला 'हीच तारीख' दिली तर ती गणपतीच्या तयारीत येते. पितृपक्ष यंदा २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर. कुठला गट तारखेचा आणि कुठला पंचांगाचा, हा नवा रकाना वहीत घातला. शाळा तारखेच्या. संस्थांची प्रशिक्षणं पंचांगाची, म्हणजे सणांमधल्या फटींची. पार्ल्याच्या संघाचा तिसरा मंगळवार दिवाळीनंतर आरामात बसतो, तिथे काही हलवायचं नाही.

आणि अधिक महिन्यात लग्नं नाहीत. मेच्या शेवटच्या पंधरवड्यात लोक लग्नाच्या गडबडीत नसणार, म्हणजे कुटुंबांची एकत्र येण्याची सहल विकायला हा चांगला काळ. फक्त गेल्या वर्षीचा पाऊस लक्षात ठेवून मंडपाऐवजी हॉल धरायचा.

१० फेब्रुवारी, मंगळवार

बारावीच्या परीक्षा सुरू, मग दहावी. शाळा मार्चअखेरपर्यंत गप्प. पूर्वी हे सात आठवडे वहीत रिकामे असायचे. आज कांदिवली आणि मुलुंडचे दोन ज्येष्ठ संघ फेब्रुवारी-मार्चच्या मंगळवारांवर आहेत, एका बँकेच्या प्रशिक्षण विभागाने एप्रिलपासून महिन्याला एक बुधवार-गुरुवार मागितलाय, लेखी यायचंय. बोरिवलीच्या संघात अजून चर्चाच चालू आहे, तिसरी सभा.

वहीत पुढच्या बारा महिन्यांत पेन्सिलने लिहिलेली नावं पेनाने लिहिलेल्यांपेक्षा जास्त आहेत. काकांना पेन्सिल आवडत नाही. "हे धरायचं की नाही?" माझा नियम असा केलाय: मुक्कामाच्या नव्वद दिवस आधी एक फोन, साठ दिवस आधी टोकन, नाहीतर पान मोकळं. शनिवारला पेन्सिल नाहीच.

जुलै-ऑगस्ट अजून जवळजवळ कोरे आहेत. डॉर्मिटरीच्या पश्चिमेच्या भिंतीला ओल येते, गाद्यांना वास लागतो, आणि तो वास कुठल्याही दराने विकला जात नाही. त्यामुळे आधी भिंत. वॉटरप्रूफिंगवाला आज येऊन गेला, ईस्टरनंतर, ६ एप्रिलपासून काम धरलंय. दहा दिवस ती डॉर्मिटरी बंद, खोल्या चालू. कोटेशन काकांकडे दिलंय. कॉलेजच्या नाटकवाल्यांना जुलैच्या मंगळवारांचा भाव कळवायचा तो भिंत वाळल्यावर.